सुरमई आणि सतारीची तार

तंगूस तुटलेला नव्हता, कापलेला होता. गुरुनाथनं तो पुराव्यादाखल जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याला लागून ठेवला आणि म्हणाला, "नीट बघ. तुटलेलं टोक असं नसतं."

मी नीट बघितलं. नायलॉनचा तो जाड दोरा असा सरळ कापला होता की आमच्या अलिबागच्या शिंप्यानं मान खाली घातली असती. भर समुद्रात, पळता पळता, तोंडात गळ रुतलेला असताना कुणीतरी इतकं नीटनेटकं काम केलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला तो आदर.

"कोण?" मी विचारलं.

"सुरमई," गुरुनाथ म्हणाला. कंपनीच्या मालकाचं नाव घेतानाही त्याचा आवाज एवढा खाली जात नाही.

आता आम्ही कारखानीस. सुरमई आमच्या घराण्यात लग्नापासून बारशापर्यंत सगळ्याला हजर असते, पण ती येते गोल तुकड्यांमध्ये, तिखट-मीठ लावून. तिला डोकं असतं, डोक्यात दात असतात आणि त्या दातांबद्दल तिची स्वतःची काही मतं असतात, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर, आखाताच्या काठच्या अल-खोबर नावाच्या गावात कळलं. (नावात खोबरं असलं तरी इथे नारळ होत नाहीत. मी आले त्याच आठवड्यात चौकशी केली होती.)

दिवस म्हणाल तर इराकनं कुवेत गिळलं त्यानंतरचा हिवाळा. रस्त्यावर रणगाडे वाहून नेणाऱ्या गाड्यांची रांग अशी असायची की पलीकडच्या दुकानातून दही आणायला जावं आणि तोवर घरी भात थंड व्हावा. दुकानात आपल्या पुढे चॉकलेट घेणारा गोरा पोरगा बंदुकीसकट उभा असायचा. शाळा बंद, विमानं भरलेली, निम्मी बिल्डिंग मुलाबाळांसह मुंबई-हैदराबादला निघून गेलेली. आम्ही राहिलो होतो, कारण गुरुनाथच्या कंपनीनं "परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे" असं कळवलं होतं आणि कळवणारा साहेब दुसऱ्याच दिवशी लंडनला गेला होता.

अशा वेळी माणसाला काहीतरी हातात धरायला लागतं. गुरुनाथनं मासेमारीची काठी धरली. दर शुक्रवारी तो आणि खालच्या मजल्यावरचे जमालुद्दीन गावाबाहेरच्या एका जुन्या दगडी धक्क्यावर गळ टाकून गरवायला जायचे. जमालभाई गुहागरच्या बाजूचे, इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात. समुद्राचं त्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणजे निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. दर शुक्रवारी सुरमई यायची, गळ घ्यायची, तंगूस कापायची आणि जायची. दोघं घरी येताना बाजारातून पापलेट घेऊन यायचे आणि पिशवी बायकांच्या हातात देताना नजर चुकवायचे.

"लीडर हवा," गुरुनाथनं निदान केलं.

लीडर म्हणजे गळ आणि तंगूस यांच्या मध्ये बांधायची हातभर पोलादी तार. सुरमईनं कितीही दात चालवले तरी ती कापली जात नाही. दुकानात तयार मिळते. आम्ही दुकानात गेलो. मल्याळी दुकानदारानं खिन्नपणे रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं.

"लीडर खलास. कंटेनर पोर्ट पे है. पोर्ट पे टँक उतर रहा है. पहले टँक उतरेगा, फिर लीडर."

"कितने टँक?" गुरुनाथनं विचारलं, जणू बाकीचे तो स्वतः उतरवून देणार होता.

दुकानदारानं आकाशाकडे हात केले. बड्या देशांनी एवढी मोठी लढाई मांडली होती ती गुरुनाथ कारखानीसला सुरमई मिळू नये म्हणून, असं त्या दिवशी घरी येताना गाडीत ठरलं.

"घरीच करू," तो म्हणाला. "तार आणि दोन टोकांना दोन फासे. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, हे वाक्य आमच्या घरात यापूर्वी गिझर, खिडकीची जाळी आणि माझ्या शिवणयंत्राची मोटर यांच्या बाबतीत उच्चारलं गेलं होतं. मी फक्त टेबलावरून वरण उचललं.

पहिली तार कंपनीच्या गोदामातली, बांधकामाच्या सळया बांधायची. ती इतकी मऊ होती की गुरुनाथनं केलेला फासा मी बोटानं सरळ केला. दुसरी जमालभाईंनी दुकानातून आणली, मोटारसायकलच्या ब्रेकच्या केबलमधली. ती बारा तंतूंची निघाली आणि प्रत्येक तंतूनं गुरुनाथच्या वेगळ्या बोटात घुसायचं ठरवलेलं होतं. तो हात फडक्यात गुंडाळून बसला तेव्हा वरच्या मजल्यावरचे रहमतुल्ला आले. हे हैदराबादचे, एसी दुरुस्त करणारे, आणि सल्ला मागायची वाट न बघणारे.

"वायर को पहले गरम करना भाई. लाल करके ठंडे पानी में डालो. फौलाद बन जाता."

"तो फौलाद ही है," गुरुनाथ म्हणाला.

"और ज्यादा बन जाता."

आमच्या गॅसवर तार लाल झाली, पाण्यात पडली, चर्रर्र झालं आणि बाहेर काढून वाकवताच चकलीसारखी कटकन मोडली. रहमतुल्लांनी ते तुकडे कौतुकानं हातात घेतले. "देखा? कितना कडक हो गया!"

सगळे जमले होते, तिघांनीही डोक्याला हात लावला होता, आणि मला जे सुचू नये ते सुचलं. कपाटावर माझी सतार होती.

ही सतार मी लग्नात आणली, अलिबागहून ठाण्याला आणि ठाण्याहून इथल्या विमानतळावर. तिथे कस्टमच्या माणसानं भोपळा वाजवून आत काय आहे ते विचारलं होतं. मी आत हवा आहे असं खुणेनं सांगितलं आणि त्यानं मला बराच वेळ एका बाजूला उभं केलं. सतारीबरोबर मिरजेहून घेतलेली तारांची वेटोळी होती, कागदात गुंडाळून, तेल लावून. बारीक, ताठ, चकचकीत पोलाद. मी एक वेटोळं काढून टेबलावर ठेवलं.

जमालभाईंनी तार दोन मुठींत धरून ओढली. मग पायाखाली धरून ओढली. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"वयनी, ही कापणारी सुरमय अजून जन्माला यायची हाय."

गुरुनाथनं तार हातात घेतली आणि फडक्यात गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यानं ती माझ्यापुढे सरकवली. अशा रीतीनं, कुठलाही ठराव न होता, प्रकल्प माझ्या गळ्यात पडला. मी मण्यांची तोरणं करते, सतारीच्या खुंट्या स्वतः बसवते, आणि माझ्या हाताची गाठ सुटत नाही अशी माझी सासरी-माहेरी ख्याती आहे. म्हटलं, दाखवूच.

मी पहिला लीडर अर्ध्या तासात केला. तारेचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवलं, मागे वळवलं आणि उरलेल्या तारेभोवती असे घट्ट, एकाला एक लागून वेढे दिले की सोनारानं बघत राहावं. रहमतुल्ला "वाह" म्हणाले. जमालभाईंची बायको जोहरा वर आली होती, तिनं तो दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "गं, ह्याला कानात घालावंसं वाटतं."

शुक्रवारी सुरमई आली, गळ घेतला, ओढला. तार कापली गेली नाही. वेढे सुटले. माझे वेढे. तार साबणासारखी निसटून सरळ झाली आणि गळ सुरमईबरोबर इराणकडे गेला.

गुरुनाथनं ही बातमी सांगताना माझ्या भावनांचा फार विचार केला, आणि तेच मला सहन झालं नाही. "होतं असं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच केलास ना." मला कुणी पहिल्यांदा केलास ना असं शेवटचं म्हणालं होतं ते मी पोळी लाटायला शिकत होते तेव्हा. जोहरानं तर फक्त वाटीभर शेवयांची खीर आणून दिली, जशी घरात काही वाईट घडल्यावर देतात.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. सकाळी भाजी चिरून झाली की टेबलावर तार, पकड, गळ. वेढे वाढवले, निसटले. वेढ्यांवर रहमतुल्लांच्या सल्ल्यानं कथलाची झाळ लावली, तेव्हा गुरुनाथनं एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरं ओढलं. तार सुटली, तो पलंगावर पडला आणि धक्क्यानं निखळलेली कडी त्याच्या मागोमाग आली. माझी लेक अनुष्का शाळा नसल्यामुळे दिवसभर हे बघत असायची. ती म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट बाय द फिश?" असले प्रश्न शाळेत शिकवतात, म्हणून शाळा बंद आहेत त्याचं मला फार वाईट वाटलं नाही.

वेटोळी संपत आली तेव्हा मला उत्तर मिळालं, आणि ते मिळालं जोहराच्या हातात. ती बोलता बोलता पायजम्याची नाडी वळत होती. दोन पेड, दोन्ही सारखे, दोन्ही एकमेकांभोवती फिरणारे. मी तिचा हात धरून थांबवला.

"पुन्हा कर."

"काय पुन्हा करू? नाडी हाय ती."

पण मला दिसलं होतं. माझ्या लीडरमध्ये एक तार ताठ उभी होती आणि दुसरी तिच्याभोवती फेऱ्या मारत होती. फेऱ्या कितीही घट्ट असल्या तरी ताठ उभ्या असलेल्याला काय, ओढ बसली की तो निघून जातो. दोघांनीही एकमेकांभोवती पीळ घ्यायला हवा, सारखा, तिरका, आणि त्यानंतर शेवटी हवे तर चार आडवे वेढे. हे मी जोहराला समजावून सांगितलं. तिनं नाडीचे दोन्ही पेड बोटांत धरून बघितले.

"हे लग्नाच्या आधी सांगायला हवं होतं कुणीतरी," ती म्हणाली.

नवा फासा दाराच्या पुन्हा बसवलेल्या कडीला बांधला. गुरुनाथनं ओढलं, मग गुरुनाथ आणि जमालभाईंनी ओढलं, मग रहमतुल्ला त्यांच्या कमरेला धरून लागले. कडी आली, बिजागरीचा एक स्क्रू आला, तार तशीच. मी आत जाऊन तोंड धुतलं. डोळ्यात पाणी का यावं ते मला सांगता येणार नाही.

तोवर वेटोळी संपली होती. मी सतार खाली घेतली आणि बाजाची, म्हणजे मुख्य, तार उतरवली. मग पितळी जोडतारा सोडून बाकीच्या. मन घट्ट केलं होतं, पण शेवटची तार सैल होताना तिनं जो लहानसा आवाज केला त्यानं गुरुनाथ स्वयंपाकघरातून बाहेर आला. "राहू दे गं," तो म्हणाला. मी म्हटलं, "आता नाही."

कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत संपायच्या आधीचा शुक्रवार आला. त्यानंतर काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. जोहराची तिकिटं आली होती, मुलांना घेऊन ती रविवारी जाणार होती. म्हणून या खेपेला आम्ही दोघीही धक्क्यावर निघालो. मुलांना रहमतुल्लांच्या बायकोकडे, आमिनाकडे ठेवलं. आम्ही काळे अबाया घातले, डबे घेतले, सतरंजी घेतली, आणि मी एका पिशवीत माझे लीडर घेतले. शिवाय पकड, शिशाचे गोळे, गळ, उरलेल्या तारा आणि लागली तर म्हणून विजेरी. ती पिशवी एखाद्यानं उघडली तर आत काय दिसेल याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. माणूस मासे पकडायला निघाला की त्याला सगळं जग मासे पकडायला निघालेलं वाटतं.

धक्क्यावर वारा होता, पाणी गडद निळं होतं आणि क्षितिजावर राखाडी जहाजं एकामागून एक उभी होती. मी इतकी जहाजं कधी पाहिली नव्हती. डोक्यावरून विमानांची जोडी गेली आणि आवाज त्यांच्या मागून, उशिरा, छातीत येऊन आदळला. जोहरानं माझा हात धरला, आणि मग दोघींनीही तो सोडल्यासारखं केलं.

गुरुनाथनं माझा लीडर बांधला, आमिषाला जिवंत बोयटं गळाला लावलं, दूर फेकलं आणि काठी दोन दगडांच्या फटीत रोवली. एवढ्यात कोस्टगार्डची जीप आली.

दोन शिपाई आणि एक साहेब. साहेब तरुण होता, मिशी नीट कातरलेली, आणि त्याला त्या आठवड्यात झोप मिळालेली दिसत नव्हती. त्यानं पिशवी उघडली. आधी तारा काढल्या. मग पकड. मग शिशाचे गोळे. मग विजेरी. प्रत्येक वस्तू काढताना तो अधिकाधिक हळू होत गेला.

"एश हादा?" त्यानं विचारलं. हे काय?

पुढचं संभाषण मला नंतर कळलं, कारण इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, काढून घेऊन दोघांना रस्त्याच्या कडेच्या चौकीत नेलं आणि आम्हाला हातानं बसा म्हणून सांगितलं. जाता जाता गुरुनाथ ओरडला, "काठीला हात लावू नका!"

चौकीत झालं ते असं. गुरुनाथची अरबी म्हणजे यल्ला, खलास आणि मुश्किल नाही, एवढीच. त्यानं आपलं इंग्रजी वापरून सांगितलं, "लीडर." जमालभाईंना दुकानामुळे अरबी चांगली येते. त्यांनी साहेबाला मदत म्हणून शब्दाचा अर्थ सांगितला. लीडर म्हणजे पुढारी, म्हणजे अरबीत काइद. काइद म्हणजे सेनापतीसुद्धा.

"आम्ही काइद बनवतो," जमालभाई म्हणाले.

साहेबानं पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"घरी. ह्यांची मॅडम बनवते. तार वापरून."

"किती काइद बनवले?"

"पुष्कळ बनवले. पण आधीचे सगळे सुटून पळाले. आत्ताचे मजबूत हायत."

इथे साहेब उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि फोन फिरवू लागला. कफीलला, म्हणजे नोकरीच्या जामीनदार मालकाला, बोलवा, म्हणाला. गुरुनाथचा कफील शुक्रवारी वाळवंटात तंबू ठोकून बसतो, जमालभाईंचा सगळ्या कुटुंबाला घेऊन रियाधला गेलेला. दोन्हीकडे घंटा वाजत राहिली. साहेब परत आला आणि इकामे टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. त्या दिवसांत तो खण बंद होणं म्हणजे काय ते सांगायला नको. गुरुनाथ म्हणतो, त्याला तेव्हा फक्त माझा आणि अनुष्काचा चेहरा दिसत होता. जमालभाई म्हणतात, तो घामानं चिंब झाला होता आणि साहेबाला माशाचं चित्र काढून दाखवत होता, पण त्याच्या माशाला पंख फार मोठे झाले आणि साहेबाला ते क्षेपणास्त्र वाटलं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही सतरंजीवर बसलो होतो, डबे न उघडता. बराच वेळ गेला.

"सुनेत्रा," जोहरा म्हणाली, "ती काठी वाकली बघ."

काठी वाकली नव्हती, काठी समुद्राला नमस्कार करत होती. मग काठीवरच्या, तंगूस गुंडाळलेल्या चक्रीनं किंकाळी फोडली. मी अजून दुसरा तसला आवाज ऐकलेला नाही. तंगूस असा धावत होता की चक्रीवर तो दिसेना, नुसता धूर दिसत होता. काठी फटीतून उसळली आणि मी, आयुष्यात कधी काठी न धरलेली बाई, तिच्यावर झेप घालून पडले.

"सोड!" जोहरा ओरडली.

"सोडू कशी!"

"मग धर!" आणि तिनं मागून माझ्या कमरेला मिठी घातली.

पलीकडे जे होतं ते माझ्यापेक्षा मोठं होतं, वजनानं नसेल, पण मनानं होतं. ते मला धक्क्याच्या कडेकडे खेचत होतं आणि जोहरा मला मागे खेचत होती आणि आम्हा दोघींचे अबाया एकमेकांत असे गुंतले होते की कुणाचा पाय कुणाचा ते कळत नव्हतं. तंगूस डावीकडे गेला, आम्ही डावीकडे गेलो. उजवीकडे गेला, आम्ही गेलो. तो थांबला की मी चक्री फिरवायची, कशी ते मला ठाऊक नव्हतं, उलटी फिरवून मग सुलटी. माझ्या डोक्यात एकच होतं: दोन तारा, सारखा पीळ, चार वेढे. सुटू नकोस. सुटू नकोस.

आणि मग ती वर आली.

पाणी फुटलं आणि ती सरळ वर निघाली, चांदीची, निळी, पाठीवर सकाळच्या आभाळाचा रंग, पोटावर पट्टे. माणसाच्या डोक्याहून वर. मग त्याहूनही वर. ती एवढी लांब होती की शेपूट पाण्यातून निघेतो तिचं डोकं कुठल्या कुठे होतं. ती हवेत वळली, आणि मला तिच्या तोंडाच्या कडेला माझी तार चमकताना दिसली, एक केसाएवढी रेघ. मागची सगळी जहाजं तिच्या खाली होती. त्या क्षणी कुठलाही आवाज नव्हता, विमानांचा नाही, वाऱ्याचा नाही. माझ्या पाठीवर जोहराचा श्वास थांबलेला मला कळला. सुरमई हे नाव मी इतकी वर्षं घेत होते आणि मला तिच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

ती पडली. पाणी आमच्या अंगावर आलं.

"या अल्लाह," जोहरा हळूच म्हणाली.

त्यानंतर ती दमली. आम्हीही दमलो होतो, पण आम्ही दोघी होतो आणि ती एकटी. ती दगडांशी आली तेव्हा जोहरानं डोक्यावरची ओढणी काढून हातात गुंडाळली, पोटावर आडवी झाली आणि सुरमईचं शेपूट धरलं. "वड!" ती म्हणाली. मी मागे पडले आणि सुरमई आमच्या सतरंजीवर आली, जेवणाच्या डब्यांवर.

धावत येणाऱ्या बुटांचे आवाज तेव्हा ऐकू आले. चौकीच्या खिडकीतून साहेबाला दोन बायका समुद्रात पडतायत असं दिसलं होतं. तो पुढे, शिपाई मागे, त्यांच्या मागे आमचे दोघे आरोपी. सगळे येऊन सतरंजीच्या कडेला थांबले.

साहेब खाली बसला. त्यानं आधी माशाकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यानं बोटानं तार उचलली. ती जिलबीसारखी पिळवटली होती, तिच्यावर दातांचे ओरखडे होते, पण दोन्ही टोकांचे फासे जसेच्या तसे होते. त्यानं ती ओढून पाहिली. मग त्यानं मान वर करून जमालभाईंना विचारलं, "हादा काइद?"

"हाच," जमालभाई म्हणाले.

साहेबाच्या चेहऱ्यावर आधी काही झालं नाही, मग मिशी हलली, आणि मग तो इतका हसला की त्याला दगडाला धरावं लागलं. शिपाईही हसले, का ते माहीत नसताना. "माशाअल्लाह," तो डोळे पुसत म्हणाला, आणि पुन्हा माशाकडे बघून, न हसता, "माशाअल्लाह."

त्यानं शिपायाला पाठवून खणातले इकामे मागवले आणि गुरुनाथच्या हातावर ठेवले. आमच्याकडे न बघता, रीत म्हणून समुद्राकडे बघत, तो गुरुनाथला म्हणाला आणि जमालभाईंनी मराठीत आणलं: "मॅडमला सांगा, तारा पिशवीत ठेवू नका. पिशवीत भीती वाटते. पाण्यात ठेवा."

घरी त्या सुरमईसाठी कुणाच्याच फ्रिजमध्ये जागा नव्हती. रहमतुल्लांनी तिला मोजायची टेप आणली, तिनं टेप संपवली. कापायला जोहरा बसली आणि बिल्डिंगमध्ये उरलेली सगळी घरं दुपारी आमच्याकडे जेवायला आली. खिडक्यांना गॅसच्या भीतीनं चिकटपट्ट्या लावलेल्या, त्यामुळे तळणाचा वास बाहेर जायला वाव नव्हता. आमिना म्हणाली, चला, पट्ट्या बरोबर लागल्यात हे तरी कळलं. सगळे हसले, मग एकदम खिडक्यांकडे बघू लागले, मग कुणीतरी आणखी भात वाढला.

गुरुनाथ पाटावर बसून गोष्ट सांगत होता. चौकी, खण, काइद, सगळं. त्याचा आवाज परत आला होता. शेवटी तो माशावर आला, जो त्यानं पाण्यात बघितलाच नव्हता.

"आणि अशी उडी मारली तिनं," तो म्हणाला, आणि हात गुडघ्याएवढा वर केला. "एवढी!"

"एवढी?" रहमतुल्ला म्हणाले.

"कमीत कमी," जमालभाईंनी साक्ष दिली.

जोहरा तव्याजवळ होती. तिनं झारा खाली ठेवला. पिठाचे हात तसेच घेऊन ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं माझा हात मनगटाला धरून वर नेला, आमच्या खांद्यांच्या वर, डोक्यांच्या वर, ती चवड्यांवर उभी राहिली आणि मीही राहिले, आणि तरी ती माझा हात वर ढकलत होती.

"अजून," ती म्हणाली. "अजून वर."